रेशीमगाठ सोसायटीचा स्नेहांक

रेशीमगाठ सोसायटीत मोठ्या आवाजातलं शेवटचं भांडण झालं, त्याला आता बराच काळ लोटला होता. भांडणं थांबली होती असं नाही; आवाज थांबला होता. तळमजल्यावरचे गड्डम आणि त्यांच्या डोक्यावर राहणारे बिराजदार अजूनही गळक्या पाइपावरून एकमेकांचा उद्धार करत, पण अंगाईच्या सुरात. "तुमच्यासारखा नालायक माणूस मी पाहिला नाही हं, बिराजदारसाहेब," असं गड्डम मधात बुडवून म्हणत. बिराजदार तितक्याच मायेने, "तुमचं थोबाड रंगवावंसं वाटतं हो कधीकधी," असं उत्तर देत. बाहेरचा माणूस म्हणाला असता, काय प्रेमळ वस्ती आहे! म्हणतच होते. सरकारी 'सोबत अभियान'वाले येऊन फोटोही काढून गेले होते.

या प्रेमाचं मूळ दुसऱ्या मजल्यावर राहत होतं. नीलांबरी हत्तुरे, चाळिशीच्या जराशी अलीकडे, एकटी. कॉलेजात असताना तिला एक आवाज ऐकू यायला लागला. बाईचा, घोगरा, शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. डॉक्टरांनी त्याला स्किझोफ्रेनिया म्हटलं, घरच्यांनी नशीब म्हटलं, नातेवाइकांनी काहीच म्हटलं नाही. फक्त लग्नकार्याची बोलावणी थांबवली. पुढे औषधं लागू पडली. आणि औषधांनी जे होत नाही, ते 'उखळ' नावाच्या गटात झालं. अशाच आजारांतून उठलेली काही माणसं एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये जमत, शेंगाचटणी कुटत, विकत, आणि कुटता कुटता बोलत. आता नीलांबरी बरी होती. रोजची गोळी चुकवत नव्हती, स्वतःपुरतं रांधत होती, उखळची चटणी दुकानादुकानांत पोचवत होती. पण सरकारदरबारी ती अजून 'बरी होण्याच्या वाटेवर' होती. कारण तिच्या कुडत्याच्या गळ्याशी एक बटण होतं.

बटणाचं शास्त्र तसं सोपं. माणूस बोलतो तेव्हा तो शब्दांच्या एका गावातून चालत असतो. या गावात 'भाकरी'च्या शेजारी 'पिठलं' राहतं, 'तवा' मागच्या गल्लीत, आणि 'लोकसभा' पार वेशीबाहेर. असंख्य माणसांचं बोलणं ऐकवून यंत्राकडून या गावाचा नकाशा पाठ करून घेतलेला असतो. शाबूत मन या घरातून शेजारच्या घरात जातं. आजार उलटू लागला की बोलणं उड्या मारू लागतं, भाकरीवरून थेट लोकसभेवर. (निवडून आलेल्यांना हा नियम लागू नाही.) सुरुवातीला या उड्या इतक्या लहान असतात की घरच्यांना कळत नाहीत, खुद्द माणसालाही कळत नाहीत. बटणाला कळतात. आजार दाराशी यायच्या आधीच डॉक्टर दाराशी येतो. यात वाईट काहीच नव्हतं. नीलांबरीने बटण लावून घेतलं ते स्वतःच्या सहीने, आणि ते ऐके फक्त राहत्या इमारतीच्या आवारात.

दुसरी गोष्ट मानसोपचारवाल्यांना फार जुन्या काळापासून ठाऊक होती. ज्या घरात टोमणे, खेकसणं, उठताबसता डोक्यावर बसणं जास्त, त्या घरातला माणूस पुन्हा आजारी पडण्याची भीती जास्त. अभियानाने ठरवलं की मग बटणाने आजूबाजूच्यांनाही ऐकावं. त्यांचे शब्द नाहीत, तिथे कायदा आडवा आला, फक्त सूर. शेजाऱ्यांच्या सुरातली माया मोजून इमारतीला जो आकडा मिळे, त्याचं नाव स्नेहांक.

इथवरही ठीक होतं. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं की मायेला उत्तेजन दिलं पाहिजे. आता या शहरात लोकांना उत्तेजन देता येईल अशी एकच वस्तू आहे, पाणी. नळाला चार दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात ठरलं की ज्या इमारतीत बटणवालं माणूस आहे आणि स्नेहांक चांगला आहे, त्या इमारतीला दिवसाआड पाणी.

त्या दिवसापासून रेशीमगाठवाल्यांना नीलांबरी आवडू लागली.

कोणी डबा आणून देई, कोणी केस छान झालेत म्हणे. बिराजदारांची सून तिच्याशी बोलताना मान वाकडी करी, जणू समोर चाळिशीची बाई नसून पाळण्यातलं मूल आहे. तिच्या घराची एक किल्ली सोसायटीचे सेक्रेटरी येमुलकाका यांच्याकडे राहू लागली, 'काळजीपोटी'. नीलांबरीला या सगळ्याची शिसारी येई. उमेदीची सगळी वर्षं तिने खोट्या आवाजांशी झुंजण्यात घालवली होती. आता ते आवाज गेले होते, आणि भोवती खरीखुरी माणसं खोट्या आवाजात बोलत होती.

यातून सुटायचा रस्ता होता. बटण तिच्या तब्येतीचा जो रंग दाखवी, तो सहा महिने सलग हिरवा राहिला की परीक्षण होणार, बटण निघणार, किल्ली परत मिळणार. तांबडा झाला तर निवासकेंद्रात रवानगी. मधला पिवळा झाला तर बटण पुढे चालू. नीलांबरीला हिरवा हवा होता. सोसायटीच्या मनात कुठला रंग होता, हे तिला ठाऊक नव्हतं.

तिचं बोलणं कुठे उड्या मारत नव्हतं. झोप चांगली होती. तरी दर पंधरवड्याला कधीतरी रंग पिवळा होई आणि हिरव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. डॉक्टरही चक्रावले होते.

एका संध्याकाळी येमुलकाकांच्या पत्नीने, पद्माकाकूंनी, तिला चहाला बोलावलं. ही बोलावणी हल्ली वाढली होती. आधी बिराजदार, मग गड्डम, मग पुन्हा काकू. चहा झाला, पोहे झाले, हवापाण्याचं बोलून झालं. नीलांबरी उठली.

"बसा की हो, काय घाई?" काकू म्हणाल्या.

"नको, कणीक भिजवून आलेय."

"बरं मग," असं म्हणून काकू दारापर्यंत आल्या. काकाही आले. बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेला त्यांचा मुलगाही आला. एवढ्या माणसांनी निरोप द्यायला ती काही काशीला निघाली नव्हती.

"जाते मी," नीलांबरी म्हणाली.

तिघांच्याही नजरा टेबलावरच्या फोनकडे गेल्या.

दार लोटलं गेलं. एक चप्पल पायात आणि दुसरी शोधत ती जिन्यापाशी उभी होती, तेव्हा आतून काकूंचा मायाळू सूर ऐकू आला. "झाला का हो पिवळा?"

"झाला, झाला," काकाही तितक्याच मायेने म्हणाले. "आता महिनाअखेरपर्यंत काळजी नाही. पुढच्या खेपेला बिराजदारांकडे चहा ठेवायला सांग. आपली साखर संपत आली."

नीलांबरीने वर जाऊन काकूंचे पोहे ओकून टाकले.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये तिने सगळं राजव्वाला सांगितलं. राजव्वा चिप्पा उखळमधली सगळ्यात जुनी. तरुणपणी विड्या वळायची. मग एका बाळंतपणानंतर तिला आपण मेलेलो आहोत असं वाटू लागलं होतं, आणि ते पुढे बारा वर्षं वाटत राहिलं. "मेल्यावर एवढी भूक लागते होय, या विचाराने बरी झाले बघ मी," असं ती सांगायची.

"म्हणजे तू 'जाते' म्हणलीस की ते यंत्र घाबरतंय?" राजव्वाने मुसळ थांबवलं.

"यंत्राचं काय चुकलं? त्याने लोकांचं बोलणं ऐकलं. बाहेर पडताना आपल्यात 'जाते' कोण म्हणतं? अशुभ असतं. सगळे 'येते'च म्हणतात. त्यामुळे दारात उभं राहून 'जाते' म्हणणारी जी थोडी माणसं त्याला ऐकायला मिळाली, ती खरोखरच जगातून जायला निघालेली असणार. त्याच्या नकाशात दारातलं 'जाते' मसणवटीच्या शेजारी राहतं."

"आणि त्या येमुलला हे कसं कळालं?"

"फोनवर रंग दिसतो ना त्यांना. बघून बघून ओळखलं असेल."

"अगं मग म्हण की 'येते'! तुझं काय जातंय?"

"तूच शिकवलंस ना 'जाते' म्हणायला?"

ते खरं होतं. नीलांबरीच्या कानातली ती घोगरी बाई दर वेळी गप्प होण्याआधी 'येते हं' म्हणायची आणि शब्दाला जागून परत यायची. त्या दोन शब्दांच्या धाकाने नीलांबरी रात्ररात्र दाराला पाठ लावून बसायची. घरातलं कोणी 'येते' म्हणून बाजारात गेलं तरी तिला दरदरून घाम फुटायचा. तेव्हा राजव्वाने शेडमध्ये नियम केला होता. इथे जाणाऱ्याने 'जातो' म्हणायचं, जाणारीने 'जाते', आणि खरंच जायचं. ज्याला जे म्हणायचं ते सरळ म्हणायचं. कुंकू संपलं की 'वाढलं' नाही म्हणायचं, संपलं म्हणायचं. दिवा विझला की 'शांत झाला' नाही, विझला. बाहेरच्यांना हे भयंकर वाटे. पण ज्याच्या डोक्यात प्रत्येक शब्दाला चोरदरवाजा आहे, त्याला भिंत म्हणजे भिंतच लागते.

"मग त्या अभियानाच्या मॅडमला सांग की हे सगळं."

"सांगितलं सकाळी फोनवर. देवधर मॅडम म्हणाल्या, तुमचं म्हणणं पटतं मला, पण मॉडेल पुण्यात बसून बदलता येत नाही. ते वरून येतं. म्हणाल्या, परीक्षणापर्यंत फक्त निरोप घ्यायचं टाळा."

"टाळ मग! चहाला जाऊच नको कुणाकडं. पोटात दुखतंय म्हण, उपास आहे म्हण."

"परीक्षणाच्या शेवटी निरोपाची चाचणी असते."

"अगं माझ्या माय!" राजव्वाने मुसळ पुन्हा उचललं आणि येमुलकाकांच्या नावाने दोन घाव जोरात घातले. मग खालच्या आवाजात म्हणाली, "तुझं तरी घर आहे भांडायला. ही शेड पाडायलेत, मी इथंच राहते. भाचा म्हणतो, आत्ते, तुझं तू बघ."

नीलांबरीने चहाची आमंत्रणं नाकारायला सुरुवात केली. रेशीमगाठमध्ये हाहाकार उडाला. अर्थात मृदू आवाजात. बिराजदारांच्या सुनेने वाढदिवस काढला. गड्डमांनी सत्यनारायण घातला, नीलांबरीने प्रसाद खालच्या वॉचमनच्या हाती मागवून घेतला. काकू स्वतः वर आल्या, पण त्याने उपयोग नव्हता, कारण तिच्या घरून निरोप काकूंनाच घ्यावा लागणार. "येते हं," असं म्हणून त्या हिरमुसून खाली गेल्या. दारामागे नीलांबरीने दोन्ही कानांवर हात दाबून धरले होते. हिरवा रंग टिकला. महिन्यांमागून महिने टिकला.

परीक्षण सोसायटीच्या हॉलमध्ये झालं. अभियानाच्या अधिकारी ईशान्या देवधर, वय कोवळं, बोलणं नेमकं, पुण्याहून आल्या होत्या. समोर पडद्यावर नीलांबरीच्या बोलण्याची रेघ आणि तिचा रंग, खाली इमारतीचा स्नेहांक. सगळी रेशीमगाठ इस्त्रीचे कपडे घालून हजर होती. कुणाचं मयत असल्यासारखे चेहरे होते, आणि एका अर्थी होतंही, पाण्याचं.

"नीलांबरीताई आमच्या लेकीसारख्या," येमुलकाका पाझरले. "म्हणूनच म्हणतो मॅडम, घाई नको. अजून नाजूक आहेत त्या. आमच्याकडे येणंजाणं बंद केलंय त्यांनी. एकलकोंडेपणा हे लक्षणच ना?"

"चहा नाकारतात हो!" काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

"मला त्यांच्याशीच बोलू द्या," देवधर मॅडम म्हणाल्या. "नीलांबरीताई, तुमच्या रोजच्या दिवसाबद्दल सांगा. काहीही."

नीलांबरीने चटणीबद्दल सांगितलं. शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे, सालं पाखडायची, लसूण, तिखट, जिरं, मीठ. मिक्सरमध्ये केली तर भुकटी होते. उखळात कुटली तरच तेल सुटतं, कारण दाणा कापून चालत नाही, दाबावा लागतो. कुटायला दोघी लागतात. एकीचं मुसळ वर असतं तेव्हा दुसरीचं खाली, आणि तो ठेका सांभाळताना डोक्यात तिसऱ्या कुणाला जागा राहत नाही. पडद्यावरची रेघ दाण्यापासून तेलापर्यंत, तेलापासून माणसांपर्यंत एकेक घर ओलांडत शांतपणे चालत गेली. रंग हिरवागार.

"छान," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि मग नीलांबरीकडे पाहायचं टाळलं. "आता शेवटचं. तुम्ही निघू शकता. नेहमीसारखा सगळ्यांचा निरोप घ्या."

रेशीमगाठ पुढे झुकली. काकूंचे ओठ नकळत 'जा'चा आकार घेत होते, लहान मुलाला भरवताना आईचं तोंड आपोआप उघडतं तसे.

नीलांबरी उठून दाराशी गेली. 'येते' हा शब्द तिने आठवडाभर आरशासमोर घोटला होता. आरशासमोर तो जमत होता. इथे तो जिभेवर आला आणि त्याच्यासोबत त्या घोगऱ्या बाईचा वास आला. आवाजाला वास असतो, हे ज्याने तो ऐकलाय त्यालाच कळतं. म्हणायचा की नाही? म्हटला तर बटण निघेल, आणि कदाचित ती बाई आत येईल. 'जाते' म्हटलं तर हे सगळे आत येतील. तिने एकदा त्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. एवढी माणसं, एवढी धुतलेली, चार घागरींसाठी तिच्या तोंडाकडे बघत बसलेली! तिला त्यांचा राग नाही आला. किळस आली, आणि किळस आल्यावर बोलावंसं वाटत नाही.

तिने चपला घातल्या आणि एक अक्षर न बोलता ती चालू लागली.

पडद्याने वाट पाहिली. रेघ आडवी पडून राहिली. रंग हिरवाच.

"अगं बाई!" काकूंचा खराखुरा आवाज फार दिवसांनी बाहेर पडला, पत्र्यावर दगड पडावा तसा. "न सांगताच गेली की ही भवानी! काही रीतभात? एवढं केलं मेलीसाठी!"

नीलांबरी अजून बटणाला ऐकू जाईल एवढ्याच अंतरावर होती. स्नेहांक धाडकन खाली आला. येमुलकाकांनी दातओठ खात, पण प्रेमळ सुरात, पत्नीला गप्प राहायला सांगितलं. उशीर झाला होता.

देवधर मॅडमनी नीलांबरीला फाटकापाशी गाठलं आणि स्वतःच्या हाताने बटण सोडवलं.

"यंत्र काय म्हणालं?" नीलांबरीने विचारलं.

"काहीच नाही. निरोप न घेता जाणारी माणसं त्याने कधी ऐकलीच नाहीत. ऐकणार कशी? ती बोलतच नाहीत." त्यांना हसू आवरलं नाही. "मत नसलं की ते हिरवा दाखवतं. पुढच्या मॉडेलमध्ये दुरुस्त करतील."

किल्ली परत मिळाली, ती लिफाफ्यात घालून दाराखालून सरकवलेली. पाणी पुन्हा चार दिवसांनी येऊ लागलं. गड्डम आणि बिराजदार पहिल्याच आठवड्यात पाइपावरून अशा आवाजात भांडले की रस्त्यावरची कुत्री उठून गेली. डबे थांबले. केस कसे झालेत ते कुणी सांगेना. बिराजदारांच्या सुनेची मान सरळ झाली. जिन्यात कोणी भेटलं तर भिंतीला बघून वर चढे.

आणि एका सकाळी येमुलकाका आले. बटण नव्हतं, तरी आवाज मात्र तोच होता, पाकातला. सवय मोडली नसावी किंवा काम असावं.

"नीलांबरीताई, झालं गेलं सोडा. तुमच्यामुळे सोसायटीला एक ओळख मिळाली होती. सेवेची. तिसऱ्या मजल्यावर एक खोली रिकामी आहे. भाड्याचंही बघू काहीतरी. तुमच्या त्या चटणीवाल्यांत कुणी आहे का?"

"कुणी म्हणजे?"

"म्हणजे... तसं. थोडं बरं नसलेलं. पण शांत हवं हं. तोडफोड वगैरे नको. बटणवालं असलं की झालं. आणि असं बघा, फार लवकर बरं होणारं नसलेलं."

हे वाक्य उच्चारताना काकांच्या चेहऱ्यावर खरोखरीची कणव होती. हेच सगळ्यात घाणेरडं होतं.

"आहे एक बाई," नीलांबरी म्हणाली. "बेघर झालीय."

"वा! कधी येतील?"

"आली. परवापासून माझ्याकडेच राहते. बटण नाही लावणार."

काकांच्या आवाजातला पाक क्षणात आटला. "म्हणजे आमच्या उपयोगाची... असं चालत नाही. बाहेरचं माणूस ठेवायला सोसायटीची परवानगी लागते. आधीच पाण्याची बोंब. त्यात आणखी एक तोंड. आणि आजारी माणूस असं वाऱ्यावर सोडायचं? काही झालं तर जबाबदार कोण?"

"मी."

"तुम्ही?" त्यांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्हीच तर..."

ते पुढचं बोलले नाहीत. सवय.

आतून मुसळाचा ठेका थांबला. "कोण आहे गं, नीले?" राजव्वाने विचारलं.

"येमुलकाका आलेत. पाण्यासाठी."

"मग उभं काय केलंस दारात? दे की!"

राजव्वाच आली. चार दिवसांसाठी भरून ठेवलेल्या घागरीतून तिने फुलपात्र काठोकाठ भरून आणलं आणि काकांच्या हाती ठेवलं. दारात आलेल्याला दिलेलं पाणी परतवता येत नाही, हे काकांच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. दोघी उंबऱ्याच्या आत उभ्या राहून बघत राहिल्या. काकांनी ते सगळं पाणी, घोट घोट घेत, संपेपर्यंत प्यायलं.

"आणखी देऊ?" राजव्वाने विचारलं.